आठवं स्थळ

माझी मोटारसायकल बहात्तर सालची. मीटर एकदा लाख किलोमीटर भरून पुन्हा शून्यावर आलेलं. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून चौदा वर्षं दर रविवारी मी तिला रॉकेलने पुसतो, चेनला तेल घालतो, प्लग घासतो. मला सात स्थळांनी नकार दिला. आईच्या मते कारण एकच, "त्या खटाऱ्यावर बसायला कोण येणार रे?"

म्हणून आठव्या स्थळाला, मालगुंडला जाताना, मी मित्राची, अरविंदची, नवी स्कूटर घेतली आणि माझी गाडी देऊन त्यालाही सोबत घेतलं. तिथे मोटारसायकल माझी आहे असं म्हणायचं नाही, हे ठरलेलं.

सुनेत्रा मला बघताक्षणी आवडली. तिचे वडील मात्र पोहे सोडून अंगणात मोटारसायकलभोवतीच फिरत होते.

"चौदा वर्षांची गाडी, आणि गंजाचा ठिपका नाही! कोण सांभाळतं हो हिला?"

अरविंदने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"मीच," अरविंद म्हणाला.

चौथ्या दिवशी मालगुंडहून होकाराचं पत्र आलं.


अरविंदच्या नावाने.