हद्दीवरची रोपं

रस्माताने रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि कमरेच्या कापडात खोचलं. मग मान वर करून आधी रस्ता पाहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"अक्का, इकडंही आहे," पलीकडच्या ओळीतून तिच्या जोडीला राबणारी पोको म्हणाली. "हे बघ, आणखी एक."

"ओरडू नकोस. उपट."

बाभळीची रोपं होती, बोटभर उंचीची. यातेंगा मुलखातल्या त्या उघड्या माळावर झाड उगवलं म्हणजे एरवी लोकांनी कौतुक केलं असतं. पण जमीन या बायकांची नव्हती, म्हाताऱ्या तिंगाची होती. कसायला मागून घेतलेल्या जमिनीचा कायदा त्या मुलखात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पेरा, पिकवा, खा, पण झाड लावू नका. झाड लावतो तो मालक. मागून घेणाऱ्याने झाड लावलं की त्याचा जमिनीवर डोळा आहे असं धरतात आणि त्याच दिवशी त्याला हाकलतात. मालकाने आपणहून लावू दिलं तर गोष्ट वेगळी, पण असा मालक कुणी पाहिलाय?

तिंगाने जमीन दिली तेव्हा ती तव्यासारखी होती. कुदळ मारली की हात झिणझिणायचे. मग माती आणि पाणी अडवायची कामं निघाली. गावातल्या बायकांनी रोजावर टेकडीचे दगड डोक्यावरून वाहिले, उताराला आडवे बांध घातले, बांधांच्या मधे खड्डे खणून खत भरलं. पाणी थांबू लागलं, ज्वारी खांद्याला लागली. घरच्या घरी रोज मिळतो म्हटल्यावर रस्माताचा धाकटा मुलगा इसा सोन्याच्या खाणीतून परत आला आणि बांधावर दगड रचू लागला. त्याचा थोरला भाऊ त्याच खाणीत गाडला गेला होता. प्रेतसुद्धा हाती लागलं नव्हतं. आता जमीन गेली की काम गेलं, आणि काम गेलं की इसा पुन्हा त्या बिळात उतरणार.

रोपं आली कुठून, हेही तिला कळून चुकलं होतं. यंदाचं खत तिंगाने दिलं होतं. आपणहून, स्वतःच्या गाढवगाडीने आणि फुकट. पाहुण्याला चघळायला कोलाचं फळ देताना अर्धं मोडून खिशात टाकणारा माणूस हा. शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी जातं, हे खरं. पण इतकं? आणि नेमकं हद्दीच्या ओळीत, जिथे त्याने उभं राहून गाडी रिकामी करून घेतली?

"सापळा लावलाय म्हाताऱ्यानं," पोको म्हणाली. "खडक होता तोवर आपला, माती झाली तशी त्याची."

शिवाय तिंगाचा पुतण्या सलिफ हल्ली बांधांवरून फिरत असे. तिंगाला मूलबाळ नव्हतं, वारस तोच. म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे म्हणून रस्माताने विचारलं, तर तो हसला. पुढच्या पेरणीला इथे आपली माणसं असतील, बायकांनी दुसरीकडे दगड शोधावेत, असं म्हणाला. काका-पुतण्याचं संगनमत आहे, यात तिला मग शंका उरली नाही.

त्यातच तिंगाचा निरोप आला. शुक्रवारी नमाजानंतर कुळातली वडीलधारी मंडळी घेऊन जमीन पाहायला येतो. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

दोघींनी खड्डान् खड्डा चाळला. उपटलेलं सगळं शेळ्यांना घातलं, मुळांची भोकं अंगठ्याने दाबून बुजवली. शुक्रवारी मंडळी वळणावर दिसू लागली, तेवढ्यात रस्माताला एका खड्ड्यात राहून गेलेलं रोप दिसलं. फेकायला जागा नव्हती. तिने ते तोंडात टाकलं आणि चावून गिळलं.

तिंगा काठी टेकत आला. खोकून खोकून त्याचे डोळे पाणावले होते. बरोबर कुळातला सगळ्यांत वडील याकुबा, आणखी दोघे म्हातारे, मागे सलिफ. तिंगा कुणाशी न बोलता थेट हद्दीच्या ओळीकडे गेला. प्रत्येक खड्ड्याशी थांबायचा, वाकायचा, बोटाने माती उकरून पाहायचा. ओळ संपल्यावर त्याने रस्माताकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. मनात ती म्हणाली, शोध, म्हाताऱ्या, हवं तेवढं शोध.

"बाई, शपथेवर सांग," याकुबा म्हणाला. "या जमिनीत तुम्ही झाडं लावलीत?"

"माझ्या मेलेल्या लेकाची शपथ, बाबा. एकसुद्धा नाही. दिलेला शब्द आम्ही मोडला नाही."

"तिंगाबाबांनी कधी लावा म्हटलं होतं?"

"कधीच नाही."

सलिफ मोकळेपणाने हसला. ते हसू रस्माताला चमत्कारिक वाटलं. सापळा फसलेल्या माणसाचं ते हसू नव्हतं.

याकुबाने तिंगाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस ना? तू म्हणालास, मीच यांना झाडं लावू दिलीत, माझ्यामागं जमीन यांची, सलिफची नाही. झाडं दाखव, आम्ही साक्ष देतो, असं आमचं ठरलं होतं. इथं झाड नाही, आणि ही लेकाची शपथ घेऊन नाही म्हणतेय. आता जमीन पुतण्याचीच."

तिंगा बांधाच्या दगडावर बसला. बराच वेळ खोकत राहिला.

"खतात बी मी माझ्या हातानं कालवलं होतं गं, रस्माता."