आईचा आवाज सोडून

कुकरची शिट्टी झाली आणि चार वर्षांची ओजू दचकली. म्हणजे कालच्या अपग्रेडनंतर बंद पडलेलं तिच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र चालू झालं!

"ओजू!" तिच्या आईने, वृंदाने हाक मारली. ओजूने वळूनही पाहिलं नाही. बाबांनी हाक मारली, तशी धावत गेली.

वृंदाने मदतकेंद्राला फोन लावला.

"ताई, गर्दीतही तुमचा आवाज तिला कळावा म्हणून तुम्हीच हौसेने यंत्रात वेगळं सॉफ्टवेअर पॅकेज टाकलंत ना? तुमचा आवाज त्यातूनच जातो. त्याला लागणारी जुनी लायब्ररी, म्हणजे ज्याच्या आधारावर ते चालतं तो कोड, नव्या सिस्टिममध्ये नाही."

"अहो, मग जुनी परत टाका!"

"मग नव्या सिस्टिमवर चालणारे बाकीचे सगळे आवाज बंद पडतील."

ओजूने आईच्या हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवलं. "आई, तू कट्टी घेतलीस का माझ्याशी?"