मावशीची पट्टी

“मूठ बोचते,” असं म्हणत परीक्षकांनी कागद कापायची पट्टी टेबलावर ठेवली.

समोर उभ्या असलेल्या मुलीला वर्गात सगळे ‘कुजबूज’ म्हणत. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या या डिझाइनच्या वर्गात ती आली, तेव्हा स्वतःचं नाव सांगायलाही शेजारणीच्या कानाशी लागायची. आज तिला तीन अनोळखी माणसांपुढे बोलायचं होतं. जमलं तर कॉलेजात जागा, नाही तर सोमवारपासून काकांच्या लॉन्ड्रीत इस्त्री.

वर्ग चालवणाऱ्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, डावा हात नेहमीसारखा एप्रनच्या खिशात. मध्ये बोलायची त्यांना परवानगी नव्हती, आणि असती तरी त्या बोलल्या नसत्या. मुलांच्या कामाला आपण हात लावायचा नाही, हा त्यांचा नियमच होता. पुठ्ठा कापताना कुणी अडलं की बाई नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “तूच काप.”

फळ्यावर उजव्या हाताने रेघ काढायच्या, ती हमखास नागमोडी यायची. पोरं खिदळायची. “रेघ वाकडी आली म्हणून आभाळ कोसळलं का रे?” असं विचारून बाईही हसायच्या. पोरांची भीड त्यानेच चेपली. ही पद्धत बघायला लांबून लांबून लोक येत आणि वह्या भरभरून लिहून नेत. शहाण्या माणसांना साध्या गोष्टीत फार काही दिसतं.

“कोणासाठी केलीस ही?” परीक्षकांनी विचारलं.

कुजबूजने मान वर केली.

“मावशीसाठी.” आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

ही मावशी आजवर कधी बोलण्यात आली नव्हती, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

“तिचा हात थरथरतो,” कुजबूज सांगू लागली. “कागद कापायचं काम तिच्या जिवाभावाचं, पण तिने ते सोडलंय. म्हणून पट्टी जड केली, म्हणजे सरकत नाही. मधे खाच आहे. पातं मुठीला जोडलंय, ते खाचेतूनच चालतं. हात हलला तरी काप सरळ येतो.”

“पण मूठ बोचते, त्याचं काय?”

“तुम्हाला बोचणारच, सर. ती डावरी आहे.”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

परीक्षकांनी मूठ डाव्या हातात धरली आणि एक कागद कापला. मग दुसरा. “मावशींना वापरायला दिलीस का?”

“नाही. ती कबूलच करत नाही. कापायचं काम दुसऱ्यांवर ढकलते आणि वर थट्टा करते. मी नुसती बघून बघून बनवली.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जागा पक्की झाली. खुर्च्या सरकल्या, हस्तांदोलनं झाली, मंडळी जिना उतरून गेली.

खोलीत दोघीच उरल्या. “पळ आता घरी,” बाई म्हणाल्या. “मावशीला दाखव.”

कुजबूज गेली नाही. तिने टेबलावर कोरा कागद अंथरला, त्यावर पट्टी ठेवली आणि मूठ बाईंच्या डाव्या बाजूला वळवली.

“मला मावशी नाहीये, बाई.”

खिशातला हात थरथरत होता. बाईंनी तो तसाच बाहेर काढला.