तांबूचे पाय

"आठ महिने झाले एका दुपट्याला. तेवढ्यात माणसानं घोंगडं विणून, पांघरून, फाडलं बी असतं."

कल्याणप्पा ओसरीवर पुटपुटले. पुटपुटणं त्यांचं असं, की आतल्या खोलीत बोचकं बांधणाऱ्या सुनेलाच, महादेवीलाच काय, बाहेरच्या बैलांनाही ऐकू जावं.

त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, मान वर केली नाही. दारातल्या उजेडात बसून त्या दुपट्यावर कशिदा काढत होत्या. महादेवीचा भाऊ गुरुलिंग माकणीहून बहिणीला न्यायला आला होता. तो बाहेर गाडी जुंपत होता. या खेपेला तिला परत आणून घालायचं नव्हतं.

सुनेला कुणी जा म्हटलं नव्हतं. या घरात कुणी काही म्हणतच नसे. वैशाखापासून सासरे तिच्या हातचं पाणी घेत नव्हते, एवढंच. आणि काल जेवताना ते गुरुलिंगला म्हणाले होते, "पोराचं दूध तुटलं की तेवढं त्याला आणून घाला."

चार महिन्यांचं पोर पाळण्यात मूठ चोखत होतं. महादेवीनं बोचक्याला एकावर एक तीन गाठी मारल्या. हल्ली ती सगळ्यालाच तीन गाठी मारायची.

दुपटं पोर पोटात होतं तेव्हा, फाल्गुनात भरायला घेतलेलं. दोरा हद्दीपलीकडच्या बार्शीचा, निजामाच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावरून पदराखाली लपवून आणलेला. काठावर रामलिंगच्या देवळाभोवतीच्या रानातलं सगळं गोत होतं: शेपट्या सोडून बसलेली माकडं, मोर, ससा, काटे फुलवलेली सायाळ. मधोमध तांबू. उंबऱ्यावर आडवा पडलेला तांबू, ताकाचं भांडं चाटणारा तांबू, कल्याणप्पांचं पायताण उशाला घेऊन झोपलेला तांबू.

शांताक्कांचा एक हट्ट होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय टाका घालायचा नाही. शेजारीण म्हणाली, एखादा वाघ काढा की. तर म्हणाल्या, "मला भेटला न्हाय अजून. भेटला की काढते." माकडाची बोटं बघायला त्या दोनदा रामलिंगला जाऊन आल्या. देवाला हात जोडायचे तेवढे राहिले, असं कल्याणप्पा येईल त्याला सांगायचे. तेव्हा या घरात हसायचे.

तांबू सिद्धलिंगचा, महादेवीच्या नवऱ्याचा. त्याच्या पायात घुटमळणारं तांबूस कुत्रं. निजामाच्या कचेरीवर झेंडा लावून सिद्धलिंग येडशीच्या रानात दडला, त्याच दिवशी कल्याणप्पांनी कुत्र्याला घरामागच्या परड्यात खुंट्याला बांधलं.

"हे सुटलं की सरळ त्याच्यापशी जाईल," ते म्हणाले, "अन् ह्याच्या मागनं गस्तवाले."

दोन महिने तांबू बांधलेला राहिला. दोरानं त्याची मान सोलली. वैशाखातल्या त्या सकाळी महादेवीला बघवेना. तिनं आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला, त्याची पट्टी तांबूच्या मानेला गुंडाळली, वरून दोर पुन्हा बांधला आणि धुणं घेऊन ओढ्यावर गेली. सासरे शेतात गेलेले. निघताना आतून सासूबाईंच्या जात्याची घरघर येत होती.

ती परतली तेव्हा खुंट्यापाशी नुसता दोर पडला होता. दिवस कलताना रानाकडून बार ऐकू आले.

सिद्धलिंगला गाडीत घालून आणलं. तांबूला कुणी आणलं नाही.

गाठ महादेवीची होती. कुणी तसं म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं, म्हणजे तिला रडता तरी आलं असतं. पुढं पोर झालं, भादव्यात निजामाचं राज्यही गेलं, गावानं कचेरीवर सिद्धलिंगचाच झेंडा पुन्हा लावला. महादेवी स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. कणीक मळता येते, लेकरू न्हाऊ घालता येतं, आणि एक गाठ मारता आली नाही.

"निघते मामंजी," ती ओसरीवर येऊन म्हणाली.

"वाटंत बैलांना पाणी दाखवा," कल्याणप्पा गुरुलिंगला म्हणाले.

"थांब जरा," शांताक्का म्हणाल्या. "एक पाय राह्यलाय."

"कुत्र्याच्या पायासाठी गाडी खोळंबवायची का आता?"

शांताक्कांनी चार टाके घातले, दोरा दातानं तोडला, दुपट्याची घडी घातली आणि महादेवीच्या कडेवरच्या पोराच्या अंगावर ठेवली. मग गाडीपर्यंत आल्या. वैशाखापासून त्या सुनेबरोबर एवढ्या लांब चालल्या नव्हत्या.

गाडीत बसल्यावर पोराला गुंडाळायला म्हणून महादेवीनं घडी मोडली. एक कोपरा तिनं कधी बघितलाच नव्हता. काम चालू असताना तो नेहमी सासूबाईंच्या मांडीखाली दुमडलेला असायचा.

त्या कोपऱ्यात तांबू पळत होता. कान मागं पडलेले, चारी पाय जमिनीवरून सुटलेले. पळता पळता तोंड मागं वळवून तो कुणाकडं तरी बघत होता. मानेला दोर नव्हता. तिथं बारीक हिरवे टाके होते.

महादेवीनं त्या टाक्यांवर बोट ठेवलं. ती पट्टी तांबूच्या मानेला एकच सकाळ होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ही पट्टी तुम्ही कवा बघितली?"

गुरुलिंगनं कासरा आवरला. कल्याणप्पा ओसरीवरून उठून उभे राहिले.

शांताक्कांच्या बोटांत सुई तशीच होती, बिनदोऱ्याची.

"पळताना त्याचे पाय कसे पडतात ते दिसंना गं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, परड्यातल्या परड्यात पळंल. म्हणून म्याच सोडलं."