कोपऱ्यातला गुलाब

कॉम्प्युटरवर व्हिडिओचा जुना प्रोजेक्ट चौथ्या खेपेला उघडला, पण सुगंधाच्या लग्नाऐवजी पडद्यावर नुसत्या लाल पाट्या आल्या. वाट लागली, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

मिथुनला हे रोजचंच होतं. घाटकोपरचा हा स्टुडिओ आधी त्याच्या मामाचा, श्यामकांतचा. मामाने जन्मभर लग्नं शूट केली आणि एकही डिस्क पुसली नाही. पण चौदा वर्षांपूर्वीचं काम नव्या सॉफ्टवेअरला एकदम पचत नाही. आधी मधल्या व्हर्जनमध्ये उघडायचं, सेव्ह करायचं, मग नव्यात आणायचं, आणि एवढे लाड करूनही कुठली क्लिप कुठे ठेवली आहे ते लहान मुलासारखं बोट धरून दाखवायचं. मिथुन दाखवत गेला तशी एकेक लाल पाटी जाऊन मांडव दिसू लागला.

सुगंधाला घाई होती. रविवारी नानांची, तिच्या वडलांची, पंच्याहत्तरी होती. हॉलमध्ये लावायच्या फिल्ममध्ये त्यांनी केलेलं कन्यादान हवंच होतं आणि घरच्या डीव्हीडीला बुरशी लागली होती. उत्सवमूर्ती शेजारच्याच खुर्चीत होते. घरी बसवेना म्हणून आले होते. फिल्म कुठल्या नंबरवर पाठवू, असं मिथुनने विचारलं तेव्हा त्यांनी मुलीकडे पाहिलं. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना कधी पाठ झालाच नाही.

पंच्याहत्तरीची सगळी आमंत्रणं गेली होती, घोडं अडलं होतं एका नावावर. दशरथ, तिचा सख्खा भाऊ. त्याने चेतनाशी परस्पर लग्न केलं तेव्हा नानांनी त्याला दार बंद केलं. ते भांडण नानांचं होतं, सुगंधाला वहिनी पसंत होती. तिचा राग निराळा. बाप नाही म्हणाला म्हणून बहिणीच्या लग्नालाही यायचं नाही? नवऱ्याचा कान पिळायला चुलतभाऊ विशाल पुढे झाला, तेव्हा भरल्या मांडवात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यामुळे परवा आत्याने दशरथचा विषय काढला तेव्हा नाना गप्प राहिले, आणि बोलवायचं नाही म्हणाली ती सुगंधाच.

सगळं आलं, असं मिथुन म्हणाला. फक्त मामाचे जुने इफेक्ट नव्या व्हर्जनमध्ये चालत नव्हते. बदाम, मोर, गुलाब, सगळं गळलं होतं.

सुगंधाला बरंच वाटलं. मंगलाष्टकं सुरू झाली की उजव्या कोपऱ्यात एक टपोरा गुलाब फुलायचा, तो कान पिळून होईपर्यंत हलायचा नाही. नवऱ्यापेक्षा गुलाबच मोठा दिसतो, अशी घरात थट्टा व्हायची.

क्लिप सुरू झाली. अंतरपाट, भटजी, दाटीवाटीने उभी माणसं. आणि उजव्या कोपऱ्यात, हॉलच्या बाजूच्या दाराशी, मुठीत अक्षता घेऊन दशरथ.

सुगंधाला आधी खरंच वाटेना. प्रत्येक सावधानला तो तिच्या दिशेने अक्षता टाकत होता आणि त्या पुढच्या लोकांच्या डोक्यांवर पडत होत्या. ती बोहल्यावर मान खाली घालून उभी होती. ज्यांनी त्याला पाहिलं असेल त्यांनी नानांच्या धाकाने तोंड उघडलं नसणार. आणि दशरथ स्वतःहून सांगणाऱ्यातला नव्हता, शेवटी नानांचाच मुलगा.

"मी काढून टाक म्हणून सांगितलेलं," नाना म्हणाले. "श्यामकांत म्हणाला, कापलं तर नवरीपण जाईल. झाकतो म्हणाला."

"आणि परवा मी नको म्हटलं, तेव्हा गप्प बसलात ना तुम्ही?"

सुगंधाचा राग नानांवर होता आणि त्याहून जास्त स्वतःवर. तिने मिथुनला पुढे न्यायला सांगितलं.

विशाल नवऱ्याचा कान पिळत होता. माणसं हसत होती. मागे दशरथ अजून दाराशीच होता. त्याचा उजवा हात पोटाजवळ होता, आणि अंगठा आणि बोट हवेतच हळूहळू काहीतरी पिळत होती.

कुठे बघावं ते मिथुनला कळेना. धंद्याच्या सवयीने त्याने विचारलं, तिथे दुसरं फूल टाकू का.

"नको," सुगंधा म्हणाली.

तिने फोन काढला आणि तो हातात धरून तशीच बसली. दशरथचा नंबर तिने कधीच पुसून टाकला होता.

पडद्यावरची नजर न हलवता नानांनी दहाच्या दहा आकडे एका दमात सांगितले.