गुरुवारचं प्रस्थान

"पहिल्या दिवशी पूल, दुसऱ्या दिवशी किल्ला," मोबाइलवर बोट सरकवत सुजय म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ते घड्याळ. तास झाला की त्यातून बाहुल्या बाहेर येतात म्हणे."

"आणि जेवायला काय?" रोहिणीने विचारलं.

"वालाची उसळ मिळते का विचारतो. नायतर बांधून घे."

ओटीवर दोघं हसली. उद्या रविवारी विमान होतं. सुजयला रोह्याची कंपनी कामासाठी जर्मनीला पाठवत होती. काम सुरू व्हायच्या आधी तीन दिवस दोघांनी प्राग बघायचं आणि मग रोहिणीने परत यायचं, असं ठरलं होतं. पाच वर्षांची सुरभी इथेच, गडब गावात, आजीपाशी, गिरजाबाईंपाशी, राहणार होती.

"सुरभे, ये. तुला बाहुल्या दाखवते."

सुरभी पायरीवर चिंचोके मांडत होती. तिने मान वर केली नाही.

"बघितलंस?" रोहिणी हळू आवाजात म्हणाली. "गुरुवारपासून एक शब्द बोलली नाही माझ्याशी."

रविवारी अमावास्या होती. त्या दिवशी सुनेने लांबच्या वाटेला लागू नये, म्हणून गिरजाबाईंनी गुरुवारीच तिचं प्रस्थान ठेवलं होतं. रोहिणीची एक ओढणी घेतली, तिच्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलं आणि ते गाठोडं शेजारच्या चंद्रावतीकडे नेऊन ठेवलं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघालं असं धरायचं. खरं जाणं मग कुठल्या का दिवशी होईना. सुजयने नको म्हटलं होतं, रोहिणीने हसून होकार दिला होता.

गिरजाबाईंनी हे सगळं सुरभीलाही जवळ बसवून समजावलं. नातीला काही शिकवायचं तर त्या कधी घाई करत नसत. सांगून झालं की तिच्याकडून वदवून घेत.

"आई कुठं गेली?"

"गावाला गेली."

"मंग हाक मारायची तिला?"

"नाय. वाट मोडते."

"शानी गो माझी बाय!"

आता सुरभी चिंचोके टाकून ओटीवर आली. रोहिणी बसली होती नेमकी तिथेच बसायला वळली, रिकाम्या जागेवर बसावं तशी. रोहिणीला पटकन सरकावं लागलं. सुरभीने बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकली. मोबाइलवर जुन्या दगडी पुलाचा पहाटेचा फोटो होता.

"बाबा, ही बघा आई."

"कुठं गो?"

"ही काय. पुतळ्याच्या बाजूला. हात करते आपल्याला."

फोटोत माणूस नव्हतं. नुसते पुतळे होते, आणि धुकं.

सुजय हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. रोहिणी उठून उभी राहिली. "मी येत नाही. तू जा एकटा. माझी पोर मला ओळखत नाही, आणि मी तिकडे घड्याळं बघत फिरू?"

तिचा आवाज ऐकून गिरजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. इतके दिवस त्या कौतुकाने सांगत होत्या की, नात एकदा सांगितलेलं विसरत नाही. आज त्या तडक चंद्रावतीकडे गेल्या. गाठोडं घेऊन आल्या आणि सुरभीच्या समोर सोडलं.

"झालं बाय. परस्थान उठवलं. ही बघ तुझी आई. बोल तिच्याशी."

सुरभीने ओढणी उचलली. "आजी, ही कशाला आणलीस? तिकडं पाऊस हाय. आई डोक्याला काय बांधंल?"

गिरजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"हिला जाणं शिकवलं," त्या म्हणाल्या. "येणं शिकवायचं राह्यलं. रोहिणी, बॅग घे. वडखळपर्यंत जा नि परत ये. हिच्या डोळ्यांसमोर जा, हिच्या डोळ्यांसमोर ये."

"आत्याबाई, अहो, काहीतरीच काय!"

"जा गो. माझ्यासाठी जा."

सुजयने मोटारसायकल काढली. मागे मांडीवर बॅग घेऊन रोहिणी बसली. वडखळच्या नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती. दोघांनी चहा घेतला. रोहिणीचा तसाच निवला.

"वळायचं?"

"वळ."

येताना सपाट रस्त्यावरही सुजयला गिअर उतरवावा लागला. "मागच्या चाकात हवा नाय वाटतं," तो म्हणाला. "गाडी जड चाललीय. तू घरापाशी उतर, मी भरून येतो."

दिवे लागले होते. रोहिणी फाटकातून आत आली. सुरभी पायरीवरच होती.

"सुरभे, मी आले गो."

सुरभीने मान वर केली. तिचा चेहरा उजळला.

"आई!"

ती धावत सुटली. बॅग टाकून रोहिणी अंगणातच गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले. सुरभीचा फ्रॉक तिच्या दंडाला घासून गेला. ती थांबली ती थेट फाटकापाशी. तिथे मान उंच करून बोलायला लागली. बालवाडीत कोणी ढकललं, आजीने काय रांधलं, मांजरीला पिल्लं किती झाली. मधेच गप्प व्हायची, समोरचं माणूस बोलत असलं की आपण होतो तशी. मग खुदकन हसायची.

रोहिणीने मागे वळून बघितलं नाही. ती गिरजाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

गिरजाबाई दारात उभ्या होत्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रोहिणीवरून ओवाळला, लांब टाकला. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली. तांब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडलं.

मग त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.