खोलीसाठी वकील

"तुम्हांला माझं नाव कुणी सांगितलं?" नवा पक्षकार आला की चांदवडकर वकील आधी हेच विचारत.

"आत्यांनी," लंकाबाई म्हणाली आणि तिनं शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

खुर्चीत गोजराबाई बसली होती. बसली कसली, काठाला टेकली होती. साठीची बाई, कपाळावर गोंदण, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. लंकाबाईला देवळाली गावाबाहेरचं काही ठाऊक नसे. दवाखाना असो, रेशनकार्ड असो, पोरींची नावं शाळेत घालायची असोत, गोजराबाई बरोबर हवीच. नवरा गेल्यापासून तर गोजराबाईवाचून तिचं पान हलत नव्हतं. आजही दोघी सिटीबसनं आल्या होत्या आणि तिकीट कुणी काढायचं यावरून वाटेत भांडल्याही होत्या.

वकिलांनी नोटीस वाचली. खोली रिकामी करून द्या, नाहीतर दावा लावू. त्यांच्या दृष्टीनं नेहमीचंच. लंकाबाई मात्र विड्या वळून दोन पोरींचं पोट भरत होती. त्या खोलीखेरीज तिघींना जगात कुठे थारा नव्हता.

"भाड्याच्या पावत्या आहेत?"

"पावत्या कशाच्या? भाडं हातातच द्यायची मी."

"मग पंचाईत आहे, बाई. ते म्हणतील, आम्ही भाडं कधी घेतलंच नाही. ओळखीची म्हणून राहू दिली."

"असं कसं म्हणतील?" गोजराबाई उसळली. "महिन्याच्या महिन्याला घेतलंय की मी! हिचा नवरा होता तवापासून घेतीया."

वकिलांनी चष्मा काढला. "तुम्ही घेतलंय?"

"मंग? घर माझंच हाय ना!"

वकील एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. वकिली करण्यात त्यांचे केस पिकले होते. पण घरमालकीण आपल्याच भाडेकरणीला हाताला धरून वकिलाकडे घेऊन आली आहे, हा प्रकार त्यांनी बापजन्मी पाहिला नव्हता.

"म्हणजे ही नोटीस तुम्ही दिलीत?"

"मी कशाला देऊ? माझ्या लेकानं दिली, बहिरूनं. मी नुसता आंगठा उठवला."

मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बहिरू मुंबईला गिरणीत होता. संप झाला, गिरणीला टाळं लागलं ते लागलंच. आता तो बायकोपोरं घेऊन आईकडे आला होता. आईची खोली एवढीशी, त्यात चूल. पोरं बाहेर ओट्यावर झोपत होती आणि नाशिकची थंडी त्यांना सोसत नव्हती. धाकटी तर खोकून खोकून निळी पडायची.

"बरं, पण माझं नाव कसं कळलं तुम्हांला?"

"बहिरूचा वकील म्हनला, समोर चांदवडकर नसले म्हंजी मिळवली. मी ध्यानात ठिवलं. हिला बिचारीला कोन सांगनार? म्हनलं, कोर्टाची पायरी चढायचीच हाय, तर चांगला मानूस बघून द्यावा."

हसावं की डोकं धरावं, वकिलांना कळेना. "मावशी, तुम्हांला खोली हवीय की नकोय?"

"हवी की. पोरं गारठत्यात."

"मग हिनं ती सोडायला हवी."

"आन् ही कुठं जाईल?"

ती वकिलांची थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच उलगडत नव्हतं. शहाण्या माणसाला काहीतरी ठाऊक असणार अशा भरवशानं ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लंकाबाईही बघत होती.

"तुम्ही जरा बाहेर बसा," वकील शेवटी म्हणाले. "तुमचा शब्द न् शब्द तुमच्याच अंगावर येतोय."

"मंग काय खोटं बोलू?" गोजराबाई पुटपुटत उठली. तिच्यामागोमाग लंकाबाईही उठली. आलो दोघी, तर जायचंही दोघींनी. वकिलांनी तिला पुन्हा बसवलं आणि दार लोटून घेतलं.

बाहेर जिन्याजवळ बाकडं होतं. गोजराबाई तिथं पिशवी कवटाळून बसली. आतलं ऐकू येत नव्हतं, पण तिचे कान दाराकडेच होते.

बऱ्याच वेळानं लंकाबाई बाहेर आली ती जवळजवळ धावतच. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. आनंदाची बातमी आजवर जिला पहिल्यांदा सांगायची, तिलाच तिनं ती सांगितली.

"आत्या, जात नाय म्हनले खोली! तुमी भाडं घेतलं म्हनालात ना, ते कोर्टात सांगितलं की कुनी हात लावू शकत नाय. घेतली त्यांनी केस!"

"खरं?" गोजराबाईनं तिचा हात धरला. तिचेही डोळे भरून आले. "बघ, म्हनलं नव्हतं तुला? लय हुशार मानूस हाय."

दोघी जिना उतरू लागल्या. अर्ध्यावर गोजराबाई थांबली. कठड्याला धरून ती वर, त्या दाराकडे बघत राहिली.

"लंके," ती म्हणाली, "एवढा चांगला वकील हाय, तर त्यालाच इचारून ये ना. मंग माझ्या बहिरूनं लेकरं घिऊन जायाचं कुठं?"

लंकाबाईला ते पटलं. ती विचारायला परत वर गेली.